मार्च सरला तरी बर्फ हटेना आणि धरलेले सांधे सुटेनात, तुम्ही लोक काय करता?

पायवाट६४

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज लिहायला बसले कारण सकाळी पडदा सरकवला तर परत सगळं पांढरं. कॅलेंडरवर वसंत केव्हाचा सुरू झालाय, दिवसही चांगला मोठा झालाय, पण बर्फ काही जायचं नाव घेत नाही. वितळून खालची माती दिसायला लागते, जरा बरं वाटतं, की रात्रीत पुन्हा पडतो. बर्फाचं कौतुक संपून जमाना झाला आणि हिवाळ्याची सवयही आहे, पण यंदा अंगच साथ देत नाहीये.

वय ६४. सकाळी उठले की बोटं अशी आखडलेली असतात की टूथपेस्टचं झाकणसुद्धा दोन हातांनी फिरवावं लागतं. गुडघे जिना चढताना त्यातल्या त्यात बरे, उतरताना बोलायला लागतात, उजवा जास्तच. खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं कमरेत वाकून, मग हळूहळू सरळ होते मी. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी बघितला, "वयोमानाप्रमाणे झीज आहे" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. म्हणजे विषय संपला का? वय तर आता वाढतच जाणार.

तर विचारायचं हे की थंडीने खरंच सांधे दुखतात का हे आपल्या मनाचे खेळ? फिरणं नोव्हेंबरपासून बंदच आहे, ओळखीतल्या एक बाई घसरून मनगट मोडून बसल्या तेव्हापासून मी धास्तीच घेतलीय. मुलगी रोज फोनवर "आई हालचाल कर, हालचाल कर" म्हणून मागे लागते, नवरा म्हणतो बर्फ जाईपर्यंत आराम कर मग बघू. कोणाचं ऐकू? आणि पेनकिलर रोज घेतली तर चालते का, मला बीपीची गोळी चालू आहे. खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षाही कंटाळा जास्त आलाय, दुपारी तीन वाजले की काहीच करावंसं वाटत नाही.

निवांत_बसलेली

अगदी अगदी!! टूथपेस्टचं झाकण वाचून हसायला आलं, माझ्याकडे त्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण आहे, ते दाबून फिरवायचं असतं ना तसलं. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून करतात म्हणे, नातू दोन सेकंदात उघडतो आणि मला देतो.

जुनं_खोड

ताई, थंडी आणि सांधे यावर मी मागे बरंच वाचलं होतं कारण माझ्या बायकोचं आणि माझं यावरून कायम वाजायचं. ती म्हणायची माझा गुडघा हवामान खात्याच्या आधी सांगतो, मी म्हणायचो काहीतरीच. तर निकाल असा आहे की दोघांनाही पूर्ण गुण नाहीत. अमेरिकेत ६५ च्या वरच्या लोकांच्या १ कोटीहून जास्त डॉक्टर-भेटी तपासल्या, २०१७ साली आलं ते, पावसाच्या दिवशी सांधेदुखीच्या तक्रारी वाढतात का हे बघायला, तर काहीही फरक नाही. मग २०१९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने उलट बाजूने केलं, २६०० हून जास्त दुखणेकऱ्यांना फोनवर रोज दुखणं नोंदवायला लावलं आणि ते त्यांच्या ठिकाणच्या हवामानाशी जुळवून बघितलं. त्यात दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी दुखणं थोडं जास्त निघालं. थोडंच बरं का, अगदी वाईट हवेच्या दिवशी जास्त दुखण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आसपास वाढते. आणि गंमत म्हणजे नुसत्या तापमानाचा तसा संबंध दिसला नाही.

म्हणजे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, पण सगळं खापर बर्फावर फोडावं इतका तो दोषीही नाही. माझं मत विचाराल तर थंडी दुखवते त्यापेक्षा थंडीमुळे आपण जे बसून राहतो ते जास्त दुखवतं. नोव्हेंबरपासून फिरणं बंद म्हणालात ना, मला तर उत्तर तिथेच दिसतंय. शिवाय गारठ्यात आपण खांदे कानापर्यंत ओढून चालतो, हात खिशात, मान पुढे, संध्याकाळी मान नि पाठ धरली की म्हणायचं वय झालं.

फिजिओ_निवृत्त

वरच्या काकांशी सहमत. मी आयुष्यभर हेच काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

मुलीचं ऐका. मिस्टरांना राग येऊ देऊ नका पण "बर्फ जाईपर्यंत आराम" हा सल्ला या वयात महाग पडतो. २००७ मध्ये एक अभ्यास आला होता, सरासरी ६७ वयाच्या चांगल्या ठणठणीत लोकांना १० दिवस पलंगावर ठेवलं, तेवढ्यात पायातलं जवळजवळ एक किलो मांस गेलं, चरबी नव्हे, स्नायू. तुम्ही काही पलंगावर नाही आहात, पण चार-पाच महिने खुर्ची-सोफा-खुर्ची हेही तसंच हळू गतीने चालतं. आणि गुडघ्याला सांभाळतो कोण तर मांडीचा पुढचा स्नायू. तो लुळा पडला की जिना उतरताना सगळा भार सांध्यावर. उतरतानाच जास्त दुखतंय असं तुम्ही लिहिलंय ते म्हणूनच, उतरताना त्या स्नायूला ब्रेक लावत लावत शरीर खाली सोडावं लागतं आणि तेव्हा गुडघ्यावर चढताना येतो त्यापेक्षा जास्त भार येतो.

एकच व्यायाम सांगते, दहा सांगितले की एकही होत नाही. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. पुढच्या काठाशी बसा, पावलं खांद्याइतकी लांब आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. आता नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बहुतेक लोक झुकतच नाहीत, सरळ वर उठायला बघतात, मग जमत नाही आणि म्हणतात गुडघा गेला. उठताना सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. खरं काम बसताना आहे, मनात एक ते चार मोजत हळू खाली या, धपकन बसायचं नाही. जमतील तेवढे करा, शेवटचे दोन जरा जड वाटले पाहिजेत. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका, दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर तुम्ही योग्य तेवढं केलंत, नाही आलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा पण बंद करू नका. एक दिवसाआड केलं तरी पुरे.

दुसरं म्हणजे तोल. ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, मग बोटांनी नुसता स्पर्श, मग हात वर. ६५ च्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते, आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे असतं त्याशिवाय. घसरायची भीती आहे ना, तर त्यावर खरा इलाज हा आहे, घरात बसणं नाही. घरात बसून तोल अजून जातो आणि मग बर्फ नसताना पण पडतात लोक, रात्री बाथरूमला उठताना.

बोटांचं म्हणाल तर सकाळी बेसिनमध्ये सोसेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं हात बुडवा आणि पाण्यातच मुठी उघडा-मिटा. झाकण बिकण सगळं त्यानंतर. बाहेर जाताना पाच बोटांचे हातमोजे घालण्यापेक्षा एकत्र पिशवीवाले घाला, बोटं एकमेकांना ऊब देतात.

आनंदीआनंद

माझ्या शेजाऱ्यांनी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या सुरू केल्यात, महिनाभरात गुडघा एकदम मस्त म्हणतात. ट्राय करा ताई, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही. आणि व्हिटॅमिन डी पण घ्या भरपूर.

जुनं_खोड

@आनंदीआनंद ग्लुकोसामाइनवर अमेरिकन संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चक्क "गुडघ्यासाठी घेऊ नका" असं लिहिलंय, औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसत नाही म्हणून. शेजाऱ्यांना बरं वाटतंय तर आनंदच आहे, पण सांधेदुखीचं असंच असतं, आपण गोळी घेतो तेव्हा दुखणं शिखरावर असतं, महिन्याभरात ते आपसूकही उतरतं आणि नाव गोळीचं होतं. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ही नॅचरल गोळी तिच्याशी भांडते हेही सांगा त्यांना.

डीबद्दल अर्धं बरोबर. जिथे हिवाळा असा लांब असतो तिथे सूर्य इतका तिरपा असतो की महिनोन्महिने त्वचेत डी तयारच होत नाही, त्यामुळे कमी असायची शक्यता भरपूर. पण "भरपूर घ्या" नको. ७० पर्यंत रोज ६०० युनिट, त्यापुढे ८००, आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय ४००० च्या वर नाही. हाडांसाठी घ्यायचं, गुडघेदुखी त्याने जाते असं चाचण्यांत काही दिसलेलं नाही.

पायवाट६४

बापरे किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! फिजिओताई, तुमचा खुर्चीचा प्रकार आत्ता करून बघितला, नाक अंगठ्यांवर आणल्यावर खरंच हात न लावता उठता आलं, मिस्टर बघतच राहिले. पेनकिलरचं कोणीतरी सांगा ना. मी आत्तापर्यंत आयबुप्रोफेन घेते जास्त दुखलं की, अलीकडे रोजच होतंय म्हणा ना.

निवृत्त_कंपाउंडर

बीपीची गोळी चालू असताना रोज आयबुप्रोफेन नको ताई. एक तर त्याने बीपी चढतं, दुसरं पोटाला अल्सरची भीती, वयाबरोबर ती वाढते, आणि तिसरं म्हणजे बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्याबरोबर ते घेतलं तर किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. उद्याच डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात तुमच्या गोळ्यांची यादी दाखवून विचारा.

गुडघा आणि बोटं यांना लावायचं डायक्लोफिनॅक जेल आधी वापरून बघायला हवं होतं खरं तर, हल्ली सगळीकडे पहिली पायरी तीच सांगतात. गोळीच्या मानाने रक्तात अगदी थोडंसं जातं, साधारण ६ टक्के. पण लोक काय करतात, दुखलं की एकदा चोळतात आणि म्हणतात फरक नाही. डब्यावर लिहिलंय तसं दिवसातून ठरावीक वेळा सलग काही दिवस लावायला लागतं. त्यावर लगेच गरम शेक द्यायचा नाही. कमरेच्या किंवा खुब्याच्या खोलवरच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही, तिथवर पोचतच नाही. पॅरासिटामॉल पोटाला सोपी पण सांध्यांच्या झिजेवर तिचा जोर कमी, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचं काही असेल तर त्याहूनही कमी. सर्दी-खोकल्याच्या पुड्यांमध्ये पण ती असते, तीही मोजायची.

माईची_लेक

मी सहसा लिहीत नाही पण एक विचारावंसं वाटतंय. ताई, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? आणि दोन्ही खांदे पण धरतात का?

विचारायचं कारण असं की माझ्या आईचं "वय झालं, थंडी आहे" असंच चाललं होतं, हिवाळाभर तिने अंगावर काढलं. दोन्ही खांदे, दोन्ही मांड्यांचा वरचा भाग, सकाळी कुशीवर वळता येईना, केस विंचरायला हात वर जाईना. दुपारनंतर बरी असायची त्यामुळे आम्हालाही वाटायचं ठीक आहे, आणि आम्ही सगळे वाट बघत होतो हवा पालटायची. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातला ईएसआर आणि सीआरपी (अंगात कुठे दाह आहे का ते दाखवणाऱ्या तपासण्या) तपासायला लावला तर दोन्ही प्रचंड वाढलेले. पॉलिमायल्जिया र्‍युमॅटिका नावाचा प्रकार निघाला, पन्नाशीनंतरच होतो. कमी डोसचं स्टेरॉइड सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत आई स्वतःच्या हाताने केस विंचरायला लागली. पुढे बरेच महिने हळूहळू डोस कमी करत न्यावं लागलं, ते वेगळं.

झिजेचा आखडलेपणा सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात सुटतो, तासभर किंवा जास्त राहिला, सांधे सुजून गरम लागले, वजन उतरलं, ताप येत असला तर ती झीज नाही, तपासून घ्या. आणि या पॉलिमायल्जियावाल्यांना कधीकधी कपाळाच्या बाजूला नवीनच डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, दिसायला अंधुक होणं असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, डोळ्याला धोका असतो.

पायवाट६४

वाचून छातीत धस्स झालं. खांदे नाही दुखत माझे, आणि घड्याळ लावून नाही बघितलं पण चहा होईपर्यंत बोटं सुटतात. तरी पुढच्या वेळी रक्त तपासायला सांगते, थँक्यू गं.

फिजिओ_निवृत्त

चहापर्यंत सुटतात म्हणजे झीजच वाटतेय, पण तपासून घ्या, नुकसान काही नाही. @माईची_लेक फार महत्त्वाचं लिहिलंस.

खिडकीतून

बाकी औषधपाणी जाणकारांनी सांगितलंच आहे, मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलंय त्यामुळे बर्फाच्या बाजूने दोन शब्द. एवढा सूर्य असून हा जात का नाही म्हणून चिडचिड होते ना, तर त्याला कारण आहे. ताजा बर्फ येणाऱ्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो, म्हणजे ऊन आपल्या डोळ्यांत जातं, बर्फात नाही (गॉगल लावा, खरंच, मोतीबिंदू झालेल्यांना तर त्या चमकेने पायाखालचं दिसत नाही). आणि शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाचंच पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता खातो, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांवर गेलं असतं. त्यामुळे जमिनीवर बर्फ आहे तोवर उन्हाची कमाई वितळवण्यातच खर्च होते आणि हवा तापायला मागे काही उरत नाही. मळका झाला की मात्र भराभर जातो, म्हणून रस्त्याकडेचे काळे ढीग बघून मला हल्ली आनंद होतो, बायको म्हणते तुझ्या आवडी विचित्र आहेत.

तीन वाजता गळून जाण्याचं म्हणालात त्यावर. घरात दिवे लावून फार तर काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. सकाळचा अर्धा तास बाहेर गेलात तर गुडघा आणि मूड दोघांचं काम होतं. नाहीच जमलं तर १०,००० लक्सचा दिवा मिळतो, सकाळी अर्धा तास समोर ठेवून पेपर वाचायचा, डोळ्यांचा आजार असेल तर आधी विचारून. हे बरेच दिवस असंच राहिलं, झोप-भूक बिघडली, कशातच मन लागेना तर डॉक्टरांना तेही सांगा, सांध्यांइतकंच स्पष्ट.

जुनं_खोड

बाहेर जाण्याची वेळ मात्र बघून ठरवा. या दिवसांत दुपारी वितळतं आणि रात्री त्याच पाण्याचा आरसपानी थर गोठतो, सकाळी तो नुसता ओला रस्ता वाटतो, बर्फ दिसतच नाही. त्यामुळे भल्या पहाटे नको, दहा-अकरानंतर ऊन लागलेल्या बाजूने. बुटांवर ओढून चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे घ्या, पण दुकानात किंवा घरात फरशीवर शिरताना ते काढायचे, फरशीवर त्यांनीच घसरतो माणूस. पावलं छोटी, पाय जरा बाहेर वळवलेले, अंगाचा भार पुढच्या पायावर, पेंग्विन चालतो तसं, दिसायला कसंही दिसो. हात खिशात नाहीत.

आणि फावड्याने बर्फ काढायचा असेल तर मिस्टरांनाही सांगा. वसंतातला ओला बर्फ ताज्या भुसभुशीत बर्फाच्या तिप्पट-चौपट जड असतो, दिसतो तेवढाच. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यात श्वास रोखून हातांनी उचलणं, हिवाळाभर बसून असलेल्या माणसाचं हृदय काही मिनिटांतच झेपेल त्या टोकाला जातं. उचलू नका, ढकला, फावडं अर्धंच भरा, कंबर पिळून मागे फेकू नका, छातीत दडपण आलं तर फावडं तिथेच टाकून आत या आणि ॲम्ब्युलन्सला फोन करा. शक्यतो कोणा तरुणाला सांगा हो, त्यात कमीपणा कसला.

निवांत_बसलेली

आमच्या ह्यांना हे छापून फ्रिजवर लावते. दरवर्षी तोच वाद, "मी काय म्हातारा झालोय का?" वय ७१.

पायवाट६४

आज अकराला मुलीला फोनवर ठेवूनच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. जेल आणलंय, आयबुप्रोफेन बंद केली, डॉक्टरांची वेळ घेतलीय. नवरा म्हणतो काठी घे, घरात सासऱ्यांची आहे एक, पण ती उजव्या हातात धरली तर गुडघा उलट जास्तच दुखला. दुखरा गुडघा उजवाच आहे माझा.

फिजिओ_निवृत्त

काठी डाव्या हातात! दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि तो पाय पुढे पडतो तेव्हाच काठीही टेकवायची. सिनेमात सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात त्यामुळे गोंधळ होतो. उंचीही बघा, बूट घालून ताठ उभं राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, सासरे उंच असतील तर कापून घ्यावी लागेल. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. खालचं रबर झिजलं असेल तर ते बदला, आणि बर्फासाठी वर दुमडता येणारा खिळा मिळतो तो बसवून घ्या, घरात आलात की दुमडायचा.

पायवाट६४

सासरे सहा फुटी होते. करवत शोधतेय.